बाप्तिस्म्याआधी वर्षभर शिकवतात तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं वय चाळिशीच्या आसपास, घरात कुणी ख्रिस्ती नाही. स्वतःहून शुभवर्तमान वाचत गेले आणि एके दिवशी कॅथलिक चर्चमध्ये जाऊन "मला बाप्तिस्मा घ्यायचाय" असं सांगून आले. फादरांनी आनंदाने बसवून घेतलं, पण म्हणाले, "साधारण वर्षभर यावं लागेल." यावर त्यांचा सवाल: बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या कूशी अधिकाऱ्याला वाटेत पाणी दिसलं आणि तिथल्या तिथे बाप्तिस्मा झाला, मग मलाच वर्षभर का ताटकळत ठेवता? शिकवतात काय, पाठांतर असतं का, परीक्षेत नापास करतात का?

मी बावीस वर्षं प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी तयार करण्याचं काम करतो. त्या कूशी अधिकाऱ्याचं नाव जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी काढतंच, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. हा माणूस यरुशलेमला उपासनेला जाऊन परत निघाला होता आणि रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. फिलिप्प नावाचा सुवार्तिक त्याला विचारतो, "वाचताय ते समजतंय का?" तो म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं समजणार? म्हणजे देव एक आहे, त्याने वचन दिलंय, संदेष्टे काय बोलून गेले, हे सगळं त्याला आधीच ठाऊक होतं. अडलं होतं एका ठिकाणी, आणि नेमकं तेच फिलिप्पाने सोडवलं. त्याचं वर्षभराचं शिक्षण यरुशलेमच्या वाटेवर झालेलं होतं म्हणा ना. हे उत्तर सगळीकडे चालत नाही, हेही कबूल करतो. अध्याय १६ मधला फिलिप्पै गावचा तुरुंगाधिकारी यहुदी नव्हता, त्याची तशी काही पूर्वतयारी दिसत नाही, तरी मध्यरात्री भूकंप होतो आणि उजाडायच्या आत अख्ख्या घराचा बाप्तिस्मा झालेला असतो. प्रेषितांनी झटपट बाप्तिस्मे दिले, यात शंका नाही.

मग पुढच्या लोकांनी हात आखडता का घेतला? अनुभवामुळे. सन २५० मध्ये सम्राट देकियसने रोमच्या देवांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा कितीतरी बाप्तिस्मा घेतलेल्यांनी मुकाट्याने जाऊन धूप जाळला. छळ थांबल्यावर हेच लोक परत दाराशी उभे राहिले आणि त्यांचं काय करायचं यावरून चर्च वर्षानुवर्षं भांडत होतं. अशा काळात "तुमचं नक्की ठरलंय ना?" हे नीट विचारून घेणं शहाणपणाचंच होतं. त्याच्याही आधीपासून तयारीची पद्धत होतीच. डिडखे नावाचं पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं छोटं पुस्तक आहे. त्यात आधी जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग समजावून सांगायला सांगितलंय, मग बाप्तिस्मा. आणि घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. वाहतं पाणी असलं तर उत्तम, नसेल तर साठवलेलं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतकं व्यवहारी पुस्तक आहे ते.

रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर सांगितली जाणारी 'प्रेषितीय परंपरा' ही जुनी पुस्तिका तर थेट तीन वर्षांचं शिक्षण सांगते. मात्र लगेच पुढे जोडते की माणूस मनापासून झटत असेल तर काळ मोजू नका, वागणूक बघा. आलेल्याला आधी त्याचा धंदा विचारायचे. मूर्ती घडवणारा, ग्लॅडिएटर, कुंटणखाना चालवणारा यांना धंदा सोडा, नाहीतर परत जा, असा नियम. मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाने काम सोडलेलं बरं, पण दुसरं काही येत नसेल तर चालेल. ही सवलत वाचून मला दर वेळी हसू येतं, कारण ती लिहिणाऱ्यासमोर कुणीतरी पोटापाण्याचं रडगाणं गात उभं असणार. आणि बाप्तिस्म्याच्या आधी काय तपासायचे? विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेले का, सत्कृत्यं केली का. किती अध्याय पाठ आहेत, याचा उल्लेख नाही.

हा इतिहास सांगितला, कारण तुमच्या फादरांनी सांगितलेलं वर्ष याच जुन्या पद्धतीचं नवं रूप आहे. मधल्या शतकांत तान्ह्या मुलांचेच बाप्तिस्मे होऊ लागले आणि प्रौढांची तयारी आटत गेली. कुठे कुठे तर तलवारीच्या धाकाने टोळ्यांच्या टोळ्या नदीत उतरवल्या. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सन टोळ्यांवर तशी जबरदस्ती केली. सन ७९६ मध्ये आवार नावाच्या लोकांवर तीच पाळी येणार असं दिसल्यावर त्याच्याच दरबारातल्या अल्क्विनने पत्रं लिहून बजावलं: आधी शिकवा, मग बाप्तिस्मा, माणसाला पाण्यात ढकलता येईल, विश्वासात ढकलता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये प्रौढांची टप्प्याटप्प्याची तयारी पुन्हा सुरू करायचा निर्णय घेतला आणि ६ जानेवारी १९७२ला त्याचा विधिग्रंथ आला. आज जगभरातली बहुतेक कॅथलिक चर्चेस त्यावरच चालतात. ग्रंथात ठरावीक मुदत नाही, लागेल तितका वेळ घ्या एवढंच आहे. एक वर्ष हा व्यवहारातला अंदाज. त्यात चर्चचं संपूर्ण वर्ष एकदा अंगावरून जातं: येशूच्या जन्माची वाट पाहणं, नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), ईस्टर, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस).

आता मुख्य मुद्दा. पाणी ओतण्याआधी तुम्हाला सहा प्रश्न विचारतील. पहिले तीन त्यागाचे: सैतानाचा त्याग करता का? त्याच्या सर्व कृत्यांचा? त्याच्या सर्व पोकळ दिमाखाचा? पुढचे तीन विश्वासाचे: पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का? सहाही उत्तरं एकेका शब्दाची. वर्षभराचं सगळं शिकवणं या सहा शब्दांसाठी असतं. बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री होतो. त्या रात्री तुम्ही "करतो" म्हणाल तेव्हा नेमकं काय सोडताय आणि "ठेवतो" म्हणाल तेव्हा कुणाच्या हाती स्वतःला देताय, हे तुम्हाला ठाऊक असावं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी हे सहा प्रश्न फळ्यावर लिहितो आणि पुसत नाही.

विषयांची नावं सांगायची तर दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार, सात संस्कार, येशूचं चरित्र, जुन्या करारातला तारणाचा इतिहास. ही यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल. वेळ कुठे लागतो ते यादीत दिसत नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शिकवताना अवघड जाईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. अडतात ते प्रभूच्या प्रार्थनेत. एका तुकडीत एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, हिशेबात पक्के. प्रार्थना सगळे मिळून म्हणायचे तेव्हा ते "जशी आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा केली आहे" इथे ओठ मिटून घ्यायचे आणि पुढच्या ओळीला परत सामील व्हायचे. तीन आठवडे मी पाहत होतो. चौथ्या आठवड्यात वर्ग संपल्यावर खुर्च्या लावताना त्यांनीच विषय काढला. धाकट्या भावाशी घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. "खोटं कसं बोलू?" म्हणाले. मला वाटतं त्या तुकडीत प्रार्थना सगळ्यात गंभीरपणे घेणारा माणूस तोच होता. आम्ही त्यांना ती ओळ म्हणायची सक्ती केली नाही. त्यांचा बाप्तिस्मा एक वर्ष पुढे गेला, त्यांच्याच इच्छेने. मधल्या काळात त्यांनी भावाला फोन केला. भाऊ काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण पुढच्या उपवासकाळात त्यांचे ओठ त्या ओळीला हलत होते.

असे प्रसंग वेळापत्रकात बसवता येत नाहीत. म्हणून सहा आठवड्यांचा क्रॅश कोर्स मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

बाकी रचना अशी असते. सुरुवातीचे काही महिने नुसत्या चौकशीचे. तुम्ही विचारायचं, आम्ही सांगायचं, कसलंच बंधन नाही. मग एका रविवारी सगळ्यांसमोर स्वागताचा छोटा विधी होतो, कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि तुम्ही कॅटेक्युमेन होता. हा ग्रीक शब्द. मुळात 'तोंडी शिकवण कानी पडणारा' असा अर्थ. तेव्हापासून चर्च तुम्हाला आपलं मानतं, तेही कायद्याने: बाप्तिस्म्याआधी मृत्यू आला तरी ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो. अनेकांना हे माहीत नसतं आणि कळल्यावर बराच धीर येतो.

याच टप्प्यात एक गोष्ट खटकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. प्रवचन झाल्यावर कॅटेक्युमेनांना मिस्सेतून, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेतून, बाहेर पाठवण्याची पद्धत आहे. आत बाकीचे कम्युनियनकडे, म्हणजे प्रभुभोजनाकडे, वळतात आणि तुम्ही शेजारच्या खोलीत. एक ताई पहिल्यांदा बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झालेला. "पंगतीतून उठवलं," म्हणाल्या. पंगत अजून तुमची व्हायची आहे आणि भूक लागावी म्हणूनच हे आहे, असं मी समजावतो, पण ते ऐकून लगेच बरं वाटतं असं नाही. त्या खोलीत आम्ही नुकतंच ऐकलेलं शुभवर्तमान पुन्हा वाचतो आणि त्यावर बोलतो. माझ्या मते वर्षातली सगळ्यात चांगली शिकवणी तीच.

तुम्हाला गॉडफादर किंवा गॉडमदरही लागेल. नियम सोपे: वय किमान १६, स्वतः दृढीकरण (तेल लावून विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालेलं, कॅथलिक, आणि तुमचे आईवडील नकोत. जवळचा मित्र आहे म्हणून वर्षातून दोनदा चर्चला जाणाऱ्याला निवडू नका. चौथ्या शतकात एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमला गेली होती, तिने तिथली पद्धत टिपून ठेवली आहे. उपवासकाळाच्या आरंभी नावं लिहून घेत. बिशप मध्ये बसे आणि उमेदवाराच्या शेजाऱ्यांना विचारी: याचं वागणं चांगलं आहे का? आईवडिलांचा मान राखतो का? दारुडा तर नाही? दोष निघाला तर "आधी सुधार, मग ये" असं सांगून बाहेर. ज्याच्याविषयी बोलायला कुणी साक्षीदार नाही अशा परक्याला तर सहजासहजी बाप्तिस्मा मिळत नसे. आजचा गॉडफादर त्या शेजाऱ्याच्या जागी उभा असतो. त्याला तुमच्याविषयी खरं काही सांगता यायला हवं.

परीक्षा? पेपर नाही, गुण नाहीत. उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी 'परीक्षण' नावाचे विधी होतात, त्या नावाने लोक उगाच घाबरतात. कुणी प्रश्न विचारत नाही. तुम्ही गुडघे टेकता आणि सगळी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करते. तिन्ही रविवारी योहानाचं शुभवर्तमान वाचतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, मेलेला लाजर. तहान, आंधळेपण, मरण. परीक्षण होतं ते आपलं आपल्याशी. विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना या काळात तुम्हाला औपचारिकपणे 'सोपवली' जाते आणि पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, विश्वासांगीकार तुम्ही तोंडाने परत म्हणता. पाठांतर म्हणाल तर एवढंच. कुणी अडखळलं तर गॉडमदर शेजारून पुढचा शब्द हळूच सांगते, आणि त्यात काही गैर नाही. प्राचीन रोममध्ये मारियुस विक्टोरिनुस नावाच्या नामांकित वक्त्याला हाच विश्वासांगीकार खासगीत म्हणायची सवलत देऊ केली होती, कारण लाजण्याची शक्यता असलेल्यांना ती देत असत. तो म्हणाला, अलंकारशास्त्र मी चारचौघांत शिकवलं, मग हेच लपून का म्हणू? पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत ठरलेल्या ऑगस्टीनने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती त्याच्या कानी पडली तेव्हा तो स्वतः द्विधा मनःस्थितीत होता, आणि पुढे ३८७च्या ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये त्याने आपला मुलगा आणि एक मित्र यांच्यासोबत तिथले बिशप अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

इतर चर्चेसमध्ये स्वरूप वेगळं असतं. बॅप्टिस्ट आणि तत्सम मंडळ्यांत पाळकासोबत काही आठवडे अभ्यास आणि मग मंडळीसमोर आपल्या विश्वासाची साक्ष, त्यावर मुख्य भर. ल्युथरन लोक बहुधा ल्युथरच्या १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीवरून शिकवतात. ऑर्थोडॉक्सांत उमेदवार पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारतो, त्याच्यावर थुंकतोसुद्धा, आणि मग पूर्वेकडे वळतो.

आता ज्यावर खरी गाडी अडते ते. पुस्तकी शिक्षणापेक्षा कागदपत्रांनी जास्त बाप्तिस्मे लांबलेले मी पाहिले आहेत. आधीचं लग्न, घटस्फोट, सध्याचं लग्न, जोडीदाराचं आधीचं लग्न, हे सगळं पहिल्याच भेटीत फादरांना सांगा, शेवटच्या महिन्यात नको. चर्चच्या दृष्टीने लग्नाचा प्रश्न सोडवायला महिने लागतात आणि तो बाप्तिस्म्याच्या आधी सुटावा लागतो. दुसरं, लहानपणी कुणी तुमचा बाप्तिस्मा केला होता का, याची घरात चौकशी करा. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावाने एकदा झालेला बाप्तिस्मा, मग तो दुसऱ्या चर्चमध्ये का झालेला असेना, पुन्हा करत नाहीत. अशा माणसाची वाट वेगळी आणि बहुधा छोटी असते. एकदा आमच्याकडे सात महिने येणाऱ्या बाईंच्या मावशीने सहज सांगितलं की हिला तीन महिन्यांची असताना बाप्तिस्मा दिला होता. दाखला निघाला. बाई रडल्या, आनंदाने की निराशेने ते त्यांनाही सांगता येईना.

तिसरं, लग्नासाठी म्हणून येणारे. ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचं तर बाप्तिस्मा घ्यावाच लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं. लागत नाही. बिशपच्या परवानगीने ख्रिस्ती आणि अख्रिस्ती व्यक्तीचं लग्न चर्चमध्ये होऊ शकतं. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो आणि निम्मे लोक सुटकेचा निःश्वास टाकून जातात. उरतात त्यांना परत पाठवत नाही. साधारण ३५०च्या सुमारास यरुशलेमच्या बिशप सिरिलनेही आपल्या वर्गाला हेच सांगितलं होतं: कुणी बाईचं मन राखायला आला असेल, कुणी गुलाम धन्याला खूश करायला, कुणी मित्राच्या आग्रहाने, असू दे, ते आमिष समजून मी स्वीकारतो, गळाला लागलायस तर आता सुटू नकोस. तुमच्याबाबतीत हा प्रश्न दिसत नाही, पण वर्गात शेजारी बसलेला असा असेल तर त्याला कमी लेखू नका.

एक तक्रार आमच्याच लोकांविषयी. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन सलग होतं. तेलाचा सुगंध दुसऱ्या दिवशीही केसांना येतो. मग सगळे टाळ्या वाजवून घरी जातात आणि नव्या माणसाला विसरतात. खरं तर विधिग्रंथात पेंटेकॉस्टपर्यंतचा काळ पुढच्या शिकवणीसाठी राखलेला आहे. त्या प्राचीन चर्चमध्ये तर बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्म्याचा आणि प्रभुभोजनाचा अर्थ आधी सांगतच नसत. आधी अनुभव घ्या, मग उलगडून सांगू, अशी रीत. त्यामुळे फादरांना आजच विचारून ठेवा की ईस्टरनंतरचे वर्ग होतात का. होत नसतील तर गॉडफादरला पकडा आणि ते सात आठवडे निदान दर रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास त्याच्यासोबत बसा.

शेवटी दोन गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत पण लोक वर्ग संपल्यावर दाराशी विचारतात. मध्येच सोडता येतं का? येतं, पाण्याच्या आदल्या क्षणापर्यंत. कुणी जाब विचारणार नाही. सक्तीने विश्वास लादायला चर्चचा कायदाच मनाई करतो. आणि वर्षाच्या मध्ये काही जिवावर बेतलं तर? तर वर्ष-बिर्ष काही नाही. मुख्य गोष्टींवर विश्वास आहे आणि त्याप्रमाणे जगण्याची इच्छा आहे एवढं दाखवलं की पुरे. फादर पोहोचू शकले नाहीत तर शेजारच्या कॉटवरच्या माणसालाही, अगदी तो स्वतः ख्रिस्ती नसला तरी, चर्चच्या हेतूने पाणी ओतून ते शब्द म्हणता येतात. मी एकदा मध्यरात्री असा फोन घेतला आहे. पलीकडे नर्स होती, शब्द विचारत होती. मी सावकाश सांगितले, तिने एकेक करून मागे म्हटले, आणि मग मला फोनवर पेल्यातलं पाणी पडल्याचा आवाज आला.